लॅब्राडूडल आणायचाय? मग कंगवा आधी घ्या

लॅब्राडूडल या संकरित कुत्र्याचे केस गळत नाहीत, हे ऐकून लोक तो घरी आणतात. बऱ्याच अंशी हे खरंही आहे. पण न गळलेला केस जातो कुठे, हे विकणारा सांगत नाही. तो अंगावरच राहतो. मुळापासून सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसांत अडकतो, त्याचा गुंता होतो, गुंत्याची जट होते आणि ती जट चोवीस तास कातडी ओढत राहते. लॅब्राडॉरचा केस झाडूने गोळा करता येतो. लॅब्राडूडलचा कंगव्यानेच काढावा लागतो, आणि शक्यतो रोज.

मी धुळ्यात, देवपूरला, कुत्र्यांचे केस कापायचं काम करते. पुण्यात एका सलूनमध्ये शिकले, लग्नानंतर इकडे आले आणि घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक ड्रायर आणि एक मशीन मांडून काम सुरू केलं. पूर्वी यायचे ते पॉमेरेनियन, लॅब आणि जर्मन शेफर्ड. आता नाशिक, पुणे, सुरत, इंदूरहून आणलेले डूडल बऱ्यापैकी दिसायला लागलेत. त्यांना घेऊन रस्त्याने निघालं की एखादी आजी थांबून विचारतेच, "हाई कुत्रं शे का मेंढरू?" कुत्रा गोड आहे, लळा लावणारा आहे, लेकराबाळांच्या घरात रमणारा आहे. पण तो खान्देशात सांभाळायचा तर काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पुण्या-मुंबईच्या हवेत चालतं ते सगळं आपल्याकडे मे महिन्यात चालत नाही.

हा कुत्रा आला कुठून

लॅब्राडॉर रिट्रिव्हर आणि पूडल यांचा संकर म्हणजे लॅब्राडूडल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन हे अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत काम करत होते. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या एका अंध बाईला मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब आणि स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या आकाराचा, पूडल यांची पिल्लं काढली. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तर त्या गृहस्थांना त्यातलं एकच पिल्लू मानवलं. त्याचं नाव सुलतान.

ही गोष्ट मी ॲलर्जीसाठी डूडल शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एकाच आईच्या, एकाच वेळच्या तीन पिल्लांतलं एक चाललं आणि दोन चालली नाहीत. ॲलर्जी होते ती मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि लाळ आणि कोंडा प्रत्येक कुत्र्याला असतो. घरात कुणाला दमा असेल, सर्दी-शिंकांचा त्रास असेल, तर आधी त्या माणसाने त्याच पिल्लाजवळ दोन-तीनदा जाऊन तासभर बसावं, त्याला मांडीवर घ्यावं, चाटू द्यावं. मग काय ते ठरवावं. पिल्लू घरी आणून महिन्याभराने परत करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात लेकरं रडतात आणि कुत्रं बिथरतं.

पिल्लू विकताना एफ-वन, एफ-वन-बी, एफ-टू असे शब्द कानावर येतील. एफ-वन म्हणजे एक पालक शुद्ध लॅब, दुसरा शुद्ध पूडल. एफ-वन-बी म्हणजे त्या एफ-वनचा पुन्हा पूडलशी संकर, म्हणजे पाऊण पूडल. हा जास्त कुरळा, कमी गळणारा आणि विंचरायला सगळ्यात जास्त काम लावणारा. एफ-टू म्हणजे दोन एफ-वनची पिल्लं. त्यात काही भावंडं दाढी-मिशावाली होतात तर एखादं लॅबसारखं सफाचट तोंडाचं आणि भरपूर केस गाळणारंही निघतं. आकाराचंही तसंच आहे. बाप स्टँडर्ड पूडल असेल तर कुत्रा २३ ते ३० किलोचा होतो, मिनिएचर पूडल असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. आयुष्य साधारण १२ ते १४ वर्षांचं. म्हणजे आज पाचवीत असलेली मुलगी नोकरीला लागेपर्यंत हा कुत्रा घरात असणार, हा विचार आधीच करून ठेवा.

पैसे देण्याआधी

कुणी म्हणालं की पिल्लाला केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद आहे, तर तिथून उठा. ती संस्था शुद्ध जातींची नोंद करते, संकराची नाही. मागायचे ते कागद वेगळे आहेत. आईबापांच्या खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे आणि डोळ्यांच्या एका आनुवंशिक आजाराची तपासणी. या आजारात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रा आंधळा होतो. त्याचं एक रूप लॅबमध्येही आहे आणि पूडलमध्येही. दोन्हीकडून तोच दोष आला तर संकर झाला म्हणून पिल्लू वाचत नाही. "मिक्स ब्रीड आहे, आजारी पडणारच नाही," हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. २०२४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने लॅब्राडूडल आणि तशाच संकरित कुत्र्यांची तुलना त्यांच्या मूळ जातींशी केली, तर बहुतेक आजारांच्या बाबतीत काहीच फरक दिसला नाही.

पिल्लाची आई दाखवायला सांगा. कायद्याने ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हायवेवर गाडी थांबवून टोपलीतून पिल्लू देतो म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. महिन्याभराचं कुठलंही झिपरं पिल्लू डूडलसारखंच दिसतं.

आणि पैशांपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा. घरात रोज अर्धा तास कुणाकडे आहे, आणि दिवसभर कोण असतं? हा कुत्रा हुशार आहे, दोन्हीकडून शिकारीत मारलेले पाणपक्षी उचलून आणणाऱ्या जातींचा आहे. त्याला माणूस लागतो, काम लागतं. दोघंही नवरा-बायको सकाळी नऊला निघून संध्याकाळी सातला येणार असतील, तर तो सोफा फाडेल, भुंकून गल्ली डोक्यावर घेईल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

कंगवा कसा चालवायचा

दोन वस्तू पुरतात. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि स्टीलचा कंगवा, ज्याचे निम्मे दात विरळ आणि निम्मे दाट असतात. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी. बाकीची सुगंधी बाटल्यांची रांग नसली तरी चालते.

बहुतेक घरांत कुत्र्याला रोज ब्रश होतो, आणि तरी जटा होतात. कारण ब्रश वरून फिरतो. वरचा इंचभर केस मऊ, फुललेला आणि देखणा दिसतो, आत कातडीला लागून नमदा तयार होत असतो. म्हणून ओळ पाडून विंचरायचं. मागच्या पायापासून सुरू करा, खालून वर. डाव्या हाताने पायावरचे केस वर उचलून धरा, अगदी खालची एक ओळ मोकळी सोडा. तिच्यावर थोडं पाणी फवारा, ब्रश हलक्या हाताने खाली ओढा. कातडीची पांढरी-गुलाबी रेघ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर तुम्ही अजून वरवरच आहात. मग डाव्या हातातून बोटभर केस आणखी सोडा, दुसरी ओळ. असं करत मांडीपर्यंत जा. त्यानंतर त्याच भागात स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत घाला. तो न अडकता बाहेर आला तरच तो पाय झाला. जिथे अडकतो तिथे गुंता आहे, तिथे परत ब्रश.

जटा ठरलेल्या ठिकाणी होतात. कानांच्या मागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, पट्ट्याखाली आणि हनुवटीच्या दाढीत, जिथे पाणी पिऊन सतत ओल राहते. रोज सगळं अंग जमत नसेल तर एवढ्या जागा तरी रोज करा आणि पूर्ण अंग एक दिवसाआड. घरात पट्टा काढून ठेवा.

गुंता सापडला तर तो मुळाशी दोन बोटांत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं की केस सरकतात. मग टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे जायचं. कात्री लावू नका. जटेच्या आत कातडी वर ओढली गेलेली असते आणि डोळ्यांना केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही. घरी कात्रीने जट कापताना काखेत इंचभर जखम झालेले कुत्रे टाके घालून झाल्यावर माझ्याकडे येतात. जट सुटत नसेल तर ती मशीनने काढायची, आणि ते काम येणाऱ्या माणसाने करायचं.

आधी विंचरायचं, मग आंघोळ. हा क्रम कधीही उलटा करू नका. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो आणि सुकल्यावर दगडासारखा होतो. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. बोअरचं पाणी जड असेल तर शॅम्पू निघायला वेळ लागतो, तेव्हा खळबळून धुवा, नाहीतर कोंडा धरतो. टॉवेलने रगडू नका, दाबून पाणी टिपा. आणि कातडीपर्यंत वाळवा, बोटं घालून पाहा. पावसाळ्यात वरून कोरडा आणि आतून ओला राहिलेला डूडल आठ दिवसांत खाजवायला लागतो.

पिल्लाचं वेगळं सांगते. तीन-चार महिन्यांचं पिल्लू मऊ असतं, काही गुंतत नाही, म्हणून लोक विंचरत नाहीत. मग आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात आणि दोन्ही एकमेकांत अडकून आठवड्यात सगळं अंग धरतं. शिरपूरकडचा एक तांबूस डूडल त्याच वयात माझ्या टेबलावर आला. वरून पाहिलं तर नुसता गुबगुबीत. हात घातला तर बोट आत जाईना. पाठीपासून मशीन लावलं तेव्हा केस सुटे पडले नाहीत, घोंगडीसारखा एक सलग तुकडा निघत गेला. खालची कातडी लालभडक, मागच्या पायाच्या आत गोचिडांची रांग आणि काखेत एक कुसळ अर्धं आत गेलेलं. कुत्रा मात्र शांत उभा होता. शेवटचा तुकडा निघाला तसा त्याने अंग झाडलं, टेबलावरून उतरला आणि खोलीभर गोल गोल धावत सुटला. त्या घरात कुत्र्यावर जीव होता, रोज ब्रश होत होता, फक्त ओळ पाडायला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यापासून त्याला ओट्यावर किंवा टेबलावर उभं करा, पंजे हातात धरा, कानात डोकवा, चालू ट्रिमर अंगाला न लावता नुसता ऐकवा. दोन मिनिटं, मग एक खाऊ. असा वाढलेला कुत्रा पुढे दहा-बारा वर्षं न घाबरता केस कापून घेतो.

मे महिना

इथे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, केस उन्हापासून वाचवतात, म्हणून कापायचे नाहीत. दुसरे म्हणतात, टक्कल करून टाका. दोन्ही नको. वाढलेल्या, गुंतलेल्या केसांत वारा कातडीपर्यंत पोचत नाही. आणि अगदी कातडीला लावून कापलं तर आपलं ऊन थेट कातडी भाजतं. विशेषतः फिक्या रंगाच्या कुत्र्याची पाठ आणि नाक. अंगावर दोन ते अडीच सेंटीमीटर केस ठेवा, पोटाखाली आणि जांघेत बारीक करा, म्हणजे थंड फरशीवर पडलं की पोट फरशीला टेकतं. हे गुढीपाडव्याच्या आसपास एकदा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पुन्हा, आणि पावसाच्या तोंडावर तिसऱ्यांदा. माझा सगळा उन्हाळा यातच जातो.

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, धुळंही फार मागे नसतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवाटे अंग थंड करतो. कोरड्या हवेत हे जमतं, पण पाणी फार लागतं. जूनच्या सुरुवातीला, पाऊस जवळ आला आणि हवा दमट झाली की धापा टाकूनही उपयोग होत नाही. कूलरही तेव्हा काम करत नाही. माझ्या मते ते आठ-दहा दिवस मे महिन्यापेक्षा वाईट. त्या दिवसांत फिरणं अर्ध्यावर आणा.

फिरायला पहाटे साडेपाचला, नकाण्याच्या तलावाकडे किंवा मोकळ्या मातीच्या रस्त्याने. संध्याकाळी आठनंतर. जाण्याआधी हाताचा पंजा उलटा करून डांबरावर ठेवा. सात सेकंद ठेववला नाही तर त्याचे पायही भाजणार. दुपारी त्याला खालच्या मजल्यावर ठेवा, गच्चीखालच्या खोलीत नको. लाइट गेली तर ओलं गोणपाट फरशीवर अंथरा, त्याला वर झोपू द्या. घंगाळात किंवा मोठ्या परातीत चार बोटं पाणी ठेवलं तर डूडल स्वतःच जाऊन त्यात उभा राहतो, पाण्याची आवड त्याच्या रक्तात आहे. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा सोडू नका.

उष्माघात ओळखायला शिका. धाप थांबत नाही, लाळ चिकट आणि घट्ट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चालताना तोल जातो, उलटी होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढे गेलं की जिवाशी खेळ. सावलीत आणा, साधं पाणी सगळ्या अंगावर ओता आणि पंखा लावा. डूडलमध्ये पाणी वरच्या केसांवरून ओघळून जातं, म्हणून बोटांनी केस फाकवून कातडी भिजवा, पोट, काखा, जांघा आधी. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो गरम होतो आणि उष्णता कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा. तोंडात जबरदस्तीने ओतू नका. तापमान ३९.५ च्या जवळ आलं की पाणी थांबवा आणि दवाखाना गाठा. बरा दिसला तरी गाठा, कारण आतले अवयव नंतर त्रास देतात.

कुसळ, गोखरू, गोचीड

पोळा झाला, पाऊस ओसरला की माळावरचं गवत वाळायला लागतं. लळिंगच्या पायथ्याला, तलावाच्या काठाला, शेताच्या बांधावर, सगळीकडे कुसळ. त्याची रचनाच अशी असते की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. लॅबच्या अंगावरून ते गळून पडतं, डूडलच्या केसांत अडकतं आणि हळूहळू कातडीत शिरतं. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर कुत्रा पाय चाटत राहतो, मग तिथे गळू येतं. कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलतं करून झटकत राहतो. कानातलं कुसळ घरी काढायला जाऊ नका, ते डॉक्टरचं काम. दिवाळीपर्यंत पंजाचे केस आणि बेचक्यातले केस बारीक ठेवा आणि फिरून आल्यावर चारही पंजे दिव्याखाली उघडून बघा. गोखरू निदान टोचतो म्हणून कळतो तरी.

कपाशीवर फवारणी झालेल्या शेतात कुत्र्याला नेऊ नका. औषध केसांना लागतं, मग तो अंग चाटतो. लाळ गाळणं, थरथरणं, झटके अशी लक्षणं दिसली तर वेळ न घालवता दवाखाना.

गोचीड आपल्याकडे जवळपास वर्षभर असते आणि डूडलवर दिसत नाही. बोटांनीच शोधावी लागते, मसुराएवढी गाठ लागते. कानाच्या आत, बोटांमध्ये, पट्ट्याखाली. तिच्यामुळे रक्तात जंतू जातात. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त किंवा लघवी चहाच्या रंगाची, यातलं एकही दिसलं तरी त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. वेळेवर औषध मिळालं तर कुत्रा बरा होतो. ज्यांच्याकडे गोठा आहे त्यांना हात जोडून सांगते, गुरांवर मारायचं गोचिडांचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका. वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब डॉक्टरकडून घ्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कान, खाणं आणि बाकीचं

लोंबते कान आणि आत केस, त्यामुळे हवा लागत नाही. आठवड्यातून एकदा वास घ्या. आंबूस वास आला, तपकिरी मळ दिसला की दाखवा. डॉक्टरने दिलेल्या द्रावणानेच साफ करा. कोमट तेल कानात टाकायची आपली जुनी सवय आहे, ती कुत्र्यासाठी नको, तेलाने ओल आणखी कोंडते. कान निरोगी असेल तर आतले केस उपटायचीही गरज नसते.

लॅबचं खादाडपण यांच्यात बऱ्याचदा उतरतं. लॅबपैकी काहींमध्ये एका जनुकातला तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे दोन जेवणांच्या मधे त्यांना जास्त भूक लागते. आणि डूडलचा लठ्ठपणा केसांत लपतो. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हाताने बरगड्या चाचपा. हलक्या दाबाने लागल्या तर वजन ठीक. दादरीची किंवा कळण्याची भाकरी त्याला आवडते, थोडी चालतेही, पण नुसत्या भाकरी-दुधावर तो पोसला जात नाही. अंडं, उकडलेलं बिनहाडाचं चिकन, दही, भात, किंवा चांगलं तयार खाद्य. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांचंच खाद्य द्या आणि स्वतःच्या मनाने कॅल्शियमची बाटली सुरू करू नका, त्याने हाडं बिघडतात.

आपल्या जेवणातलं काय नको, ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. भरतात कांद्याची पात आणि लसूण असतो, शेवभाजीच्या रश्शात कांदा आणि लसूण, तेव्हा दोन्ही नको. कांदा-लसूण शिजला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक. चॉकलेटही नको. केळं चालतं, रावेरचं असो की यावलचं, दोन-चार चकत्या. आखाजीला घरात आंबरस होतो तेव्हा कोयी लगेच झाकणाच्या डब्यात टाका. डूडल कोय गिळतो, ती आतड्यात अडकते आणि मग पोट उघडावं लागतं. मक्याच्या कणसाचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढल्यावर उरतो तो दांडा, तेही तसंच. लंगडला म्हणून माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका.

घरात आजी-आजोबा असतील तर उड्या मारायची सवय पिल्लू असतानाच मोडा. पंचवीस किलोचा कुत्रा प्रेमाने अंगावर आला तरी म्हातारं माणूस पडतं. उडी मारली की पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की कौतुक करा. आणि हुकूम सगळ्यांनी एकच वापरा. आजी "बठ" म्हणणार, पोरगं "सिट" आणि बाबा "खाली बस", तर कुत्र्याने ऐकायचं कुणाचं? वस्तू तोंडात धरणं त्याच्या स्वभावातच आहे, म्हणून "सोड" हा शब्द सगळ्यात आधी शिकवा, बदल्यात खाऊ देऊन. हिसकावून घेतलं तर तो पळायला शिकतो. कानबाईच्या सणाला किंवा लग्नाला घर पाहुण्यांनी भरलं की त्याला एका शांत खोलीत त्याच्या पांघरुणावर ठेवा, दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्रीही.

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास, मग दर वर्षी. जंताचं औषध वेळेवर. याची वही डॉक्टर देतात, ती सांभाळा.

थंडीत धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा केस चार-पाच सेंटीमीटर वाढू द्यायला हरकत नाही, विंचरायची तयारी असेल तर. नसेल तर वर्षभर आखूडच ठेवा, कुत्र्याला काही फरक पडत नाही. केस कापायला नेताना "छान कापा" एवढंच सांगू नका. अंगावर किती सेंटीमीटर, पंजे आणि पोट बारीक, डोळ्यांवर यायला नको, कानांची टोकं ठेवायची की नाही, हे नेमकं सांगा. मशीनचं पातं तापतंय का, हे मनगटाला लावून बघणाऱ्या माणसाकडेच जा. दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावं लागतं, तेव्हा निघतानाच पुढची तारीख ठरवून घ्या. आखाजीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्यापैकी कुणाकडेच जागा नसते.